मोकळ्या भूखंडाच्या बाजूने

अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) आमच्या सावेडी उपनगरात, कॉलनीतील मोकळ्या भूखंडाचे काय करावे हे ठरविण्यासाठी भरलेल्या रहिवाशांच्या एका बैठकीत, वयाने आणि अनुभवाने माझ्याहून वडील असलेल्या एका गृहस्थांनी जे विचार मांडले, ते त्यांचे एकट्याचे असते तर त्यांच्याविषयीच्या आदरापोटी मी मौन पत्करले असते. परंतु तेच विचार केडगावात, बोल्हेगावात, भिंगारच्या वेशीवर आणि कचेऱ्यांतल्या बाकांवरही थोड्याफार फरकाने ऐकू येतात, आणि त्यांच्याच आधारावर वस्तीतल्या मोकळ्या जागांचा निकाल लागत असतो, म्हणून त्यांचा सविस्तर प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते.

त्यांचे म्हणणे प्रथम त्यांच्याच बाजूने सांगतो. ज्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही आणि पावसाळ्यात रस्ता कोठे संपला व गटार कोठे सुरू झाले हे उमगत नाही, त्या वस्तीत क्रीडांगण ही चैन होय; तेव्हा भूखंडाच्या कडेने गाळे काढावेत, मधोमध सभामंडप बांधावा आणि भाड्याच्या उत्पन्नातून वस्तीची सुधारणा करावी. ज्यांना खेळायचेच आहे त्यांच्यासाठी वाडिया पार्कचे जिल्हा क्रीडा संकुल आहे, ऐपत असेल त्यांच्यासाठी तासावर मिळणारे टर्फ आहेत. आणि खरे पाहता आजची मुले खेळतच नाहीत, भूखंडावर जमतात ती रिकामटेकडी पोरे, त्यांची भांडणे आणि त्यांच्या वाढदिवसांचे फलक. वस्तीला ऊर्जितावस्था बाजारपेठेने येते, चेंडूने येत नाही, हे त्यांचे शेवटचे वाक्य; आणि त्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणारे माझे शेजारी होते, आपापल्या मुलांवर जीव टाकणारे आईबाप होते, हे मी विसरलेलो नाही.

चैन हा शब्द आपल्या मनात कोठून रुजला, हे आधी पाहिले पाहिजे. ज्या १९४९ च्या अधिनियमाने आपल्या महानगरपालिकांचा कारभार चालतो, त्याने नगरसंस्थेच्या कर्तव्यांचे दोन वर्ग केले आहेत: रस्ते, पाणी, दिवे, मैलानिर्मूलन ही कलम ६३ खालची बंधनकारक कर्तव्ये, आणि उद्याने, क्रीडांगणे, करमणुकीच्या जागा ही कलम ६६ खालची स्वेच्छाधीन कर्तव्ये. अंदाजपत्रकात तूट आली की कात्री प्रथम दुसऱ्या वर्गावर चालते, आणि वर्षानुवर्षे हेच पाहत आलेल्या नागरिकालाही वाटू लागते की मुलांचे खेळणे ही नगरसंस्थेने मर्जी झाली तर करावयाची मेहेरबानी आहे. परंतु १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची संविधानात आली, तिच्यात उद्याने व क्रीडांगणे यांची तरतूद हा नगरसंस्थांकडे सोपवावयाचा विषय म्हणून स्वतंत्रपणे नमूद आहे. ज्या यादीत पाणीपुरवठा आहे, त्याच यादीत तो आहे. जुन्या कायद्याची वर्गवारी कारकुनाला सोयीची असेल, पण तिच्यावर नागरिकाने आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवावी असे तिच्यात काही नाही.

त्याहूनही मोठी चूक मालकीच्या कल्पनेत आहे. बैठकीत ज्याला 'पडून असलेली जागा' म्हटले गेले, ती कोणाच्या विस्मरणाने शिल्लक राहिलेली नाही. जमिनीचे भूखंड पाडताना अभिन्यासाला मंजुरी मिळते ती ठराविक क्षेत्र मोकळे सोडण्याच्या अटीवरच. आज लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर व त्यावरील जमिनीत हे प्रमाण किमान १० टक्के आहे, आणि ही पद्धत त्या नियमावलीहून पुष्कळ जुनी आहे. आता विकणाऱ्याने ही १० टक्के जागा फुकट सोडली असे कोणी मानत असेल, तर त्याने आपल्या खरेदीखतातला दर पुन्हा एकदा तपासावा: सोडलेल्या जागेचे मूल्य विकलेल्या प्रत्येक भूखंडाच्या दरात मिसळलेले असते. ज्या कुटुंबाने १५०० चौरस फुटांचा भूखंड घेतला, त्याने त्या ओपन स्पेसमधला आपला हिस्साही त्याच दिवशी विकत घेतला. ती जागा आपल्या मुलांची आहे, तिचा मोबदला चुकता झालेला आहे, आणि आता तिच्यावर गाळे काढून तिचेच भाडे त्यांच्या आईबापांकडून वसूल करणे म्हणजे एकदा विकलेली वस्तू पुन्हा विकणे होय.

शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी राखून ठेवलेल्या जागांची गोष्ट निराळी, आणि अधिक चिंताजनक. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम १२७ असे सांगते की आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही तर मालकाने सूचना द्यावी, आणि त्यानंतरच्या मुदतीत, जी पूर्वी सहा महिन्यांची होती व २०१५ च्या दुरुस्तीने २४ महिन्यांची झाली, संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत व्हावे. जमीनमालकावर अन्याय होऊ नये हा त्यातला हेतू रास्त आहे, आणि माझी तक्रार मालकाविरुद्ध नाही. माझी तक्रार या गोष्टीविरुद्ध आहे की रस्त्याचे आरक्षण व्यपगत होऊ लागले तर व्यापारी, बांधकाम व्यावसायिक, नगरसेवक सगळेच जागे होतात. आणि मैदानाचे आरक्षण ज्या दिवशी व्यपगत होते, त्या दिवशी त्या वस्तीतली दहा-बारा वर्षांची मुले शाळेत असतात, त्यांना ती सूचना कोणी वाचून दाखवीत नाही, आणि त्यांच्या वतीने हरकत घेण्याचे ज्यांचे काम, ते आपण चैनीच्या वस्तूविषयी बोलत आहोत असे समजून गप्प बसतात.

या बाबतीत कायदा नागरिकांच्या बाजूने उभा राहू शकतो, याचा दाखला बंगळूरचा आहे. तेथील एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी शुश्रूषागृहाला देण्याचा हुकूम झाला, रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार रद्द ठरविला. लक्षात घ्या, तेथे समोर दुकानाचे गाळे नव्हते, रुग्णालय होते. लोकोपयोगाचा युक्तिवाद आमच्या सभामंडपापेक्षा कितीतरी सबळ होता. तरीही मोकळी जागा हीच एक लोकोपयोगी वस्तू आहे, ती दुसऱ्या लोकोपयोगी वस्तूच्या नावाखाली काढून घेता येत नाही, हे तत्त्व तेथे टिकले. आपल्याच राज्याच्या नगररचना कायद्यात कलम ३७अ आहे, ज्याखाली मैदानाचा अन्य कारणासाठी वापर करावयाचा तर तो तात्पुरता आणि वर्षातल्या मोजक्याच दिवसांपुरता परवानगीने करावा लागतो. जो कायदा मैदानावर मांडव किती दिवस राहावा हेही मोजतो, तो तेथे कायमचा सभामंडप मनात धरून केलेला नाही.

आता 'वस्तीला ऊर्जितावस्था बाजारपेठेने येते' या वाक्याकडे वळतो, कारण बैठकीतल्या टाळ्या खऱ्या अर्थाने त्याच वाक्याला होत्या. मराठी माणसाच्या ओळखीचे मुंबईतले सर्वांत प्रसिद्ध मैदान घ्या. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दाटी किती प्राणघातक आहे हे दाखवून दिल्यावर १८९८ साली शहर सुधारणेचे मंडळ स्थापन झाले, दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहतींचा विचार सुरू झाला, आणि त्याच भागात १९२५ साली सुमारे २८ एकरांचे एक मैदान लोकांसाठी खुले झाले. त्याचे नाव तेव्हा माहीम पार्क. अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ साली ते शिवाजी पार्क झाले. त्याच्या भोवतालच्या ज्या इमारती आज आपण पाहतो, त्या बहुतांशी त्यानंतरच्या, विशेषतः पुढल्या दशकातल्या. मैदान आधी आले आणि वस्ती त्याच्या कडेने, त्याच्या आधाराने उभी राहिली: समर्थ व्यायाम मंदिर आले, क्रिकेटचे क्लब आले, अजित वाडेकरांसारखा कर्णधार त्या परिसरात वाढला, रमाकांत आचरेकरांनी तेथे पिढ्या घडविल्या. त्या २८ एकरांत गाळे काढले असते तर भाडे नक्कीच आले असते. पण ते देणारा मध्यमवर्ग त्या वस्तीत राहावयास आला असता काय, हा प्रश्न आमच्या अर्थशास्त्रज्ञ मित्रांनी स्वतःला विचारावा.

सावेडीचा वृत्तांत नेमका उलटा आहे. येथे घरे आधी आली. कोणे एके काळी शहराच्या उत्तरेकडचा शेतांचा प्रदेश, त्यात मनमाड रस्त्याच्या कडेने प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रोड, पाईपलाईन रोड अशी एकेक पट्टी भरत गेली, आणि नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेली, तालुक्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली, सेवानिवृत्त झालेली कुटुंबे येथे स्थिरावली. भिस्तबाग हे नाव आपण चौकाच्या पाटीवर रोज वाचतो. निजामशाहीतल्या 'हश्त बिहिश्त' बागेचे, म्हणजे आठ स्वर्गांच्या बागेचे, ते लोकांच्या जिभेवर झिजलेले रूप. तलावाच्या मध्यावर अष्टकोनी महाल आणि भोवती बाग अशी ती रचना होती. ज्या भूमीवर राजाने बागेसाठी एवढी जागा मोकळी ठेवली, तेथे आपण लोकांनी, लोकांच्या राज्यात, दहा गुंठे मुलांसाठी ठेवू नयेत, ही गोष्ट मला फार लागते.

वाडिया पार्क आहे ना, असे विचारले जाते. आहे, आणि ते असावे. जिल्ह्याच्या स्पर्धा कोठेतरी भरल्या पाहिजेत. परंतु जिल्हा क्रीडा संकुल हे वस्तीच्या मैदानाला पर्याय होऊ शकते असे म्हणणे म्हणजे जिल्हा रुग्णालय आहे म्हणून घरात पिण्याचे पाणी नको असे म्हणण्यासारखे आहे. भिस्तबाग चौकातून संध्याकाळी सहा वाजता सायकलवर निघालेल्या अकरा वर्षांच्या मुलाने मनमाड रस्त्यावरच्या मालमोटारींमधून वाट काढीत शहराच्या पोटात शिरावे, तासभर खेळावे आणि अंधारात परत यावे, अशी अपेक्षा कोणते आईबाप करतील? आणि तो मुलगा नसून मुलगी असेल तर? येथे माझे मन फार अस्वस्थ होते. ज्या नगरात मिस फरार यांच्या शाळेत सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, त्या नगराच्या उपनगरांत मुलीच्या खेळण्याचा अवकाश आज तिच्या आईच्या हाकेच्या टप्प्याएवढाच असतो. हाकेच्या टप्प्यात मैदान असेल तर ती खो-खो खेळते, नसेल तर ती खेळत नाही, आणि मग आपण म्हणतो की मुलींना आवड नाही. टर्फचे तर बोलणेच नको. तासाचे भाडे आठ-दहा जणांनी मिळून भरावयाचे म्हणजे ज्याच्याजवळ वाटा नाही तो आपोआप संघाबाहेर. वस्तीतल्या मुलांची गरीब-श्रीमंत अशी विभागणी करणारी याहून परिणामकारक व्यवस्था शोधून सापडणार नाही.

मोठ्या स्पर्धांनी शहराला चैतन्य येते, हा वाडिया पार्कच्या युक्तिवादाचा पुढला भाग. याची परीक्षा आपल्या जिल्ह्यात नुकतीच झाली. २०२५ च्या फेब्रुवारीच्या आरंभी महाराष्ट्र केसरीची कुस्ती वाडिया पार्कवर झाली. पृथ्वीराज मोहोळ विजयी झाले, पण पंचांच्या निर्णयांवरून माजलेल्या वादात दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली, आणि राज्यभर चर्चा झाली ती त्याचीच. पुढच्याच महिन्यात, संघटनांच्या दुफळीमुळे, महाराष्ट्र केसरीचीच दुसरी स्पर्धा याच जिल्ह्यात कर्जतला भरली आणि वेताळ शेळके तेथले केसरी झाले. दोन महिन्यांत एका जिल्ह्याला दोन महाराष्ट्र केसरी पाहावयास मिळाले. त्या लाखोंच्या उलाढालीनंतर आमच्या उपनगरात एक नवा आखाडा निघाला काय, एक वस्ताद नेमला गेला काय? मला तरी तो आढळला नाही. अकोले तालुक्यातल्या हर्षवर्धन सदगीर यांनी २०२० साली महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली ती नाशिककडून खेळून. श्रीरामपूरचे झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वीत जन्मलेले अजिंक्य रहाणे यांच्या नावांचा आपण अभिमान धरतो आणि तो धरावाच. परंतु दोघेही घडले ते मुंबई-डोंबिवलीच्या मैदानांवर. रहाणे यांचे पहिले धडे डोंबिवलीतल्या एका साध्या शिबिरात, मॅटिंगच्या खेळपट्टीवर झाले. भव्य प्रेक्षागार त्यांना लागले नाही; घरापासून चालत जाता येईल अशी एक पट्टी आणि शिकविणारा एक माणूस, एवढेच लागले.

भांडणे आणि फलक यांच्याविषयीचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात सत्याचा अंश आहे. खेळ माणसाला आपोआप सज्जन करतो, असे भाबडे विधान मी करीत नाही, आणि ते करणाऱ्याने आपल्याच शहराचा इतिहास वाचावा. फेरिश्ता हा इतिहासकार बालपणीच या शहरात आला होता. त्याने नोंदविले आहे की शहराचा संस्थापक अहमद निजामशहा याला तलवारीच्या खेळाची अतोनात आवड होती, राजाची आवड पाहून तरुण त्या विद्येकडे लोटले, मोहल्ल्यामोहल्ल्यांत तलवारबाजीच्या शाळा निघाल्या, कोणताही वाद द्वंद्वाने मिटविण्याची प्रथा पडली, आणि अखेर राजासमोरच्या त्या द्वंद्वांतून रोज प्रेते निघू लागली, तेव्हा त्याला तो प्रकार आपल्या नजरेआड करावा लागला. खेळाला राजाश्रय होता, जागा होती, गर्दी होती. नव्हता तो संयम शिकविणारा वस्ताद. म्हणून मी नुसते मैदान मागत नाही. जुन्या गावठाणातल्या तालमींनी शतकभर जी व्यवस्था सांभाळली, म्हणजे ठरलेली वेळ, हौद्याची माती मळण्याची पाळी, धाकट्यांना डाव शिकविण्याची थोरल्यांवरची जबाबदारी आणि वस्तादाच्या शब्दाला असलेला मान, ती उपनगरातल्या भूखंडावर आणावी, अशी माझी मागणी आहे. मुले भूखंडावर भांडतात, कारण त्यांना तेथे भेटणारा एकमेव मोठा माणूस हा फलक लावणाराच असतो. वस्तीतल्या एखाद्या निवृत्त क्रीडाशिक्षकाला मानधन देऊन संध्याकाळचे दोन तास तेथे उभे करा, आणि मग भांडणांविषयी बोलू.

वस्तीचे पुनरुज्जीवन खेळातून होते काय, याचे उत्तर मी आमच्याच तालुक्यातल्या हिवरे बाजारला विचारतो. मल्लांचे गाव म्हणून ते एके काळी ओळखले जाई. पुढे दुष्काळ, दारू आणि भांडणे यांनी त्याची दैना झाली. १९८९ साली तेथे सरपंच झालेले पोपटराव पवार हे क्रिकेटचा ध्यास घेतलेले तरुण खेळाडू होते. क्रिकेटने हिवरे बाजार उभे केले असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ते उभे केले श्रमदानाने, पाणलोटाच्या कामाने आणि कुऱ्हाडबंदी-चराईबंदीच्या शिस्तीने. परंतु एकमेकांशी बोलणेही सोडलेल्या माणसांना एका कामावर, एका वेळी, एकाच्या हाकेवर कसे उभे करावे, हे कौशल्य पुस्तकात शिकता येत नाही. ते अकरा जणांत खेळणारा शिकतो, आपला झेल सुटला तेव्हा शिव्या न देता शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या सवंगड्याकडून शिकतो. आमच्या कॉलन्यांत पाण्याची टाकी असो की कचऱ्याची गाडी, कोणतेही काम पुढे जात नाही, कारण समोरासमोर राहणारी कुटुंबे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. ज्यांना रस्ते आणि गटारे आधी हवी आहेत, त्यांना मी विनयाने सांगतो की ती मागावयाची तर आधी वस्ती एक व्हावी लागते, आणि ती दुकानाच्या गल्ल्यासमोर एक होत नाही.

आणि मुले खेळत नाहीत हे म्हणणे ज्यांचे आहे, त्यांनी एकदा पहाटे पाच वाजता घराबाहेर यावे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले सोळाशे मीटरची आणि मुली आठशे मीटरची धाव डांबरी रस्त्याच्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांत, मोबाइलवर वेळ मोजीत काढताना दिसतील. त्यांना गोळा फेकावयास जागा नाही. गुडघे डांबरावर झिजवून ती मैदानी परीक्षेच्या दिवशी प्रथमच मातीच्या धावपट्टीवर पाय ठेवतात. यांना रिकामटेकडे म्हणणाऱ्याशी मी सहमत होऊ शकत नाही.

गाळ्यांच्या उत्पन्नाचे सांगावे तर वाडिया पार्कच्या आवारातल्या व्यापारी बांधकामाचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले आहे. क्रीडेच्या जागेवर व्यापार आणला म्हणजे क्रीडेला पैसा मिळतो, या सिद्धान्ताची एवढी परीक्षा आपल्या शहराला पुरेशी व्हावी.

आमच्या बैठकीचा निर्णय अद्याप झालेला नाही. पुढली बैठक होईल. तोवर वाचकाला माझी एक विनंती आहे. आपण कोणत्याही उपनगरात राहत असा, महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडे २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज द्या, आपल्या अभिन्यासाच्या मंजूर नकाशाची प्रत मागा, ३० दिवसांत ती द्यावी लागते. नकाशा हाती आला की मोजपट्टी आणि शेजारची चार मुले बरोबर घ्या, आणि जी जागा त्यांच्यासाठी सोडली असे त्यावर लिहिले आहे, ती जागेवर आहे की नाही हे त्यांच्या देखत मोजून पाहा.